लाल शाईतला पाचवा फाउल

मंगळवार, २३ मार्च २००४
सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

ताई,

आत्ता मी स्टोअरमध्ये चेंडूंत हवा भरत होतो. अठरापैकी चौदा झाले, मग पंप बाजूला ठेवला आणि लिहायला बसलो. एरवी या वेळी भिंतीपलीकडून तुझी शिट्टी आणि मुलींच्या बुटांची करकर ऐकू यायची. आज काही नाही. हॉलला कुलूप आहे. किल्ली मोठ्या सरांनी परवा माझ्याकडून काढून घेतली. मुलांच्या टीमच्या कोचला मुलींच्या वेळेची किल्ली कशाला हवी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेच म्हणाले, "मुलींचं काय ते ठरेपर्यंत सकाळचा हॉल बंद. तेवढीच वीज वाचेल."

वीज. सोळा वर्षं तू पहाटे साडेपाचला अर्धे दिवे लावून प्रॅक्टिस घेतलीस, कारण पूर्ण दिवे फक्त मुलांना मिळायचे. आणि यांना आता वीज वाचवायची आहे.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तू फोनवर येत नाहीस. मावशी म्हणते, "बरी आहे. जेवते, झोपते, इथल्या शाळेतल्या पोरांना दोरीवरच्या उड्या शिकवते." कॉलेजच्या मुलींना सोळा वर्षं बास्केटबॉल शिकवून फायनल जिंकणारी मुख्य प्रशिक्षिका दोरीवरच्या उड्या शिकवते. हे मला सांगताना मावशीला काही वाटलं नाही, मला वाटलं.

निकालाची प्रत न घेताच तू निघून गेलीस. मी ती प्राचार्यांच्या ऑफिसातून मागून आणली. खाली जशीच्या तशी उतरवली आहे, एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

"दि. २२ फेब्रुवारी रोजी झालेल्या मुलींच्या अंतिम सामन्यात खेळाडू क्र. ११ हिचा पाचवा फाउल तिसऱ्या क्वार्टरमध्ये झाल्याचे स्कोअरशीटवरील लाल शाईवरून सिद्ध होते. पाच फाउल झालेल्या खेळाडूने पुढे खेळता कामा नये. तरीही मुख्य प्रशिक्षिकेने तिला चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटापर्यंत खेळवले. स्कोअरर हा प्रशिक्षिकेचा धाकटा भाऊ असून बहिणीच्या धाकाने त्याने ही बाब वेळीच सांगितली नाही, असे दिसते. आपली नोंद बरोबर असल्याचे त्याने चौकशीत मान्य केले, त्यामुळे त्याच्यावर कारवाई नाही. विजेतेपद काढून प्रतिस्पर्धी संघास देण्यात येत आहे. मुख्य प्रशिक्षिकेस पदावरून दूर करण्यात येत आहे. अपिलाची मुदत ३० एप्रिल."

'धाकाने' हा शब्द कोणी घातला ते मला ठाऊक आहे. त्यांना तुझी खुर्ची हवी होती, शब्द सापडला.

पण माझा जास्त राग तुझ्यावर आहे, हे लिहूनच टाकतो. तू भांडली का नाहीस? छप्पर गळत होतं तेव्हा भरलेली बादली तू प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली होतीस, पाण्यासकट. मुलांच्या जुन्या जर्सी कापून मुलींना द्या म्हणाले, तेव्हा त्यातली एक तू स्वतः अंगात घालून मीटिंगला गेलीस, गुडघ्यापर्यंत आलेली. मुलींच्या वडिलांसमोर जाऊन बसलीस, एकेकाच्या घरी चार-चार वेळा. आणि ज्या दिवशी तुझ्या स्वतःच्या नावाचा प्रश्न आला, त्या दिवशी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसून राहिलीस. त्यांनी विचारलं, "काही म्हणायचंय?" तू म्हणालीस, "नाही."

माझी साक्ष दोन मिनिटांत आटोपली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चार चेंडू राहिले आहेत. भरून ठेवतो, कोणी खेळणार नसलं तरी.

टिंब्या


शुक्रवार, २ एप्रिल २००४
दुपारी १ वाजून १० मिनिटे

ताई,

जर्सी मोजून बांधत होतो. पंधरापैकी चौदा बांधल्या. अकरा नंबरची अजून काउंटरवरच आहे.

ती मुलगी आज सकाळी स्वतः घेऊन आली, धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून. माझ्यासमोर काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "सही कुठे करू?"

मी म्हटलं, "परत कशाला करतेस? पुढच्या वर्षी लागेलच."

"बाबा म्हणाले, चीटिंग करणाऱ्यांत नाव आलं, आता पुरे झाला खेळ." मग ती थोडा वेळ रॅकवरच्या चेंडूंकडे बघत राहिली. "दादा, तुम्ही टेबलावर होतात ना? मी बाहेर कधी गेले?"

"शेवटच्या मिनिटाला."

"पाचवा फाउल झाल्या झाल्या गेले ना?"

"हो."

"मग कमिटीत का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो की मला चेंडूंत हवा भरायची आहे. खरं तर चेंडू सगळे भरलेले होते. तिने एक दाबून पाहिला, रजिस्टरवर सही केली आणि गेली. सही करताना तिने माझंच पेन घेतलं होतं. परत देताना टेबलावर ठेवलं, हातात दिलं नाही.

ती गेल्यावर मला तिच्या बापाचा संताप आला. तू चार वेळा घरी जाऊन बसल्यावर ज्याने मुलीला पाठवलं, त्याने एका कागदावर विश्वास ठेवून तिला काढून घेतलं. कोणाकोणाला कागदाचा पुळका आला आहे बघ. रेफरी म्हणतो, महिन्याला चाळीस मॅच करतो, कोणती कुठली आठवत नाही, कागदावर असेल तेच. माझ्या शेजारी घड्याळ सांभाळणारा मोठ्या सरांचा माणूस, त्याला तर त्या दिवसाचं हवामानसुद्धा आठवत नाही. आपल्या मुली सांगायला गेल्या तर 'घरचे साक्षीदार'. आणि कॉलेजचा कॅमेरा त्या दिवशी कुठे होता? मुलांच्या मैत्रीपूर्ण सामन्याला. मैत्रीपूर्ण. आपली फायनल होती.

मोठे सर आता दोन्ही टीम बघणार म्हणे. जादा कार्यभार. मुलींच्या ऑफिसच्या दारावरची तुझी पाटी काढली, स्क्रू मात्र तिथेच ठेवले. स्क्रू मी काढून घेतले आहेत, चार.

प्राचार्य भेटले की पाठ थोपटतात. "तू शहाणा मुलगा आहेस. एक जूनला तुझा कायमचा कागद काढतो." मी मान हलवतो.

अपिलाला अठ्ठावीस दिवस आहेत. अर्ज तू करायचा आहेस. मला काय लिहायला सांगतेस ते कळव, मी अक्षर चांगलं काढून लिहून देईन.

टिंब्या


रविवार, ११ एप्रिल २००४
सकाळी ९ वाजून १५ मिनिटे

ताई,

आत्ताच मावशीला फोन केला होता. नाक्यावरच्या बूथवरून परत येऊन लगेच बसलो, चप्पलसुद्धा पायात आहे.

मी तिला विचारलं, "ताईने पत्रं वाचली का?"

"वाचली. दोन्ही."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, सगळ्यांचं लिहिलंय याने. प्राचार्यांचं लिहिलंय, रेफरीचं लिहिलंय, स्क्रूचंसुद्धा लिहिलंय. पेनचं कधी लिहिणार ते विचार."

मी चिडलो. म्हटलं, तीच गप्प बसली, तिने तोंड उघडलं असतं तर ही वेळच आली नसती. मावशी काय म्हणाली ते लिहितो. "अरे दिवट्या, ती काय म्हणून तोंड उघडणार होती? माझा भाऊ तुमच्यासमोर खोटं बोलला म्हणून? तू आधी बोललास, ती नंतर. तुला खोटं पाडल्याशिवाय तिला खरं बोलताच येत नव्हतं. नववीतून शाळा सुटलेल्या पोराला नोकरीला लावलं, ती घालवायची तिने? बुद्धी गहाण टाकलीस का कुठे?" आणि माझे पैसे संपायच्या आधीच तिने फोन ठेवला.

तर पेनचं लिहितो.

हे तुला सांगायला नको, तूच शिकवलंस. पण जो कोणी हा कागद पुढे वाचेल त्याच्यासाठी पहिल्यापासून लिहितो. स्कोअरशीट दोन रंगांत लिहायची. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळा. म्हणजे कोणती गोष्ट कधी झाली ते रंगावरून कळतं. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पाच लहान चौकोन, एका फाउलला एक. पाचवा भरला की टेबलावरून '५' लिहिलेली पाटी वर करायची, ती खेळाडू बाहेर.

चौथ्या क्वार्टरची एक्केचाळीस सेकंदं उरली होती. आपण एका गुणाने पुढे. अकरा नंबरने त्यांच्या सात नंबरच्या मनगटावर मारलं. रेफरी टेबलासमोर आला, अकरा दाखवले. मी निळं पेन टेकवलं आणि ते उमटलं नाही. चौकोनात नुसता ओरखडा. झटकलं, पुन्हा टेकवलं. दुसरं निळं पेन पिशवीत होतं आणि पिशवी तुझ्या बाकाखाली. अशा वेळी हात वर करून रेफरीला थांबवायचं असतं. नियम मला पाठ आहे. पण सोळा वर्षांत पहिल्यांदा मुलींच्या सामन्याला हॉल भरला होता, लोक पायऱ्यांवर उभे होते. एवढ्या लोकांत 'थांबा, माझं पेन चालत नाही' असं म्हणायला मला लाज वाटली. हाताशी लाल होतं. लाल उचललं, चौकोन भरला, पाटी वर केली. अकरा नंबर त्याच क्षणी बाहेर गेली. तू तिच्या डोक्यावर टॉवेल टाकलास.

त्यांची सात नंबर दोन्ही फ्री थ्रो चुकली. त्यानंतर कोणाचाच गुण झाला नाही. तिचा एक जरी आत गेला असता तर निळ्या आकड्यांच्या शेपटाला एक लाल खूण पडली असती, आणि लाल पेन माझ्या हातात कधी आलं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. दोन्ही चुकले म्हणून आपण जिंकलो आणि दोन्ही चुकले म्हणून आपण हरलो.

सामना संपल्यावर त्या चौकोनाशेजारी रेफरीची सही घ्यायची, हे मी ठरवलं होतं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. पण मुलींनी तुला उचललं, आणि तू वरून माझ्याकडे बघून हाक मारलीस, "टिंब्या, इकडे ये." मी टेबलावरून उडी मारून आलो. परत गेलो तेव्हा रेफरी सही करून बॅग भरून निघाला होता, नकला फाडून दोन्ही टीमना दिल्या होत्या. त्या दिवशी मला ते आठवलंसुद्धा नाही. आनंदात विसरलो. सहा वर्षांत स्कोअरशीटवर माझी एक रेघ वाकडी नाही आणि नेमका आनंदात विसरलो.

हे चुकून झालं. पुढचं चुकून झालं नाही.

४ मार्चला कमिटीच्या खोलीबाहेर मोठे सर माझ्याजवळ बसले. म्हणाले, "चुकलो म्हणालास तर स्कोअररचं कार्ड जाईल. आणि ज्याला पेन सांभाळता येत नाही त्याला स्टोअर कोण देणार? जूनचं विसर मग." आत गेलो. त्यांनी विचारलं, "ही नोंद तुझ्या हातची?" म्हटलं, हो. "बरोबर आहे?" तू समोर बसली होतीस. मी म्हणालो, "बरोबर आहे." मग विचारलं, "बहिणीचा दबाव होता का?" यावर मी काही बोललो नाही. माझं न बोलणं त्यांनी लिहून घेतलं.

'धाकाने' हा शब्द मोठ्या सरांनी घातला नाही. तो मी गप्प बसून दिला.

हे लिहायला मला पन्नास मिनिटं लागली. मावशीला सांग, पेनचं लिहिलं.

टिंब्या


सोमवार, १९ एप्रिल २००४
सकाळी ७ वाजून ५ मिनिटे

ताई,

काल त्यांच्या सात नंबरला भेटून आलो. बसने अडीच तास जायला, तीन तास यायला.

माझा विचार असा होता. पाचवा फाउल शेवटच्या मिनिटाला झाला हे रेफरी विसरेल, घड्याळवाला विसरेल. पण ज्या मुलीने एका गुणाने मागे, एक्केचाळीस सेकंदं उरली असताना दोन फ्री थ्रो चुकवले, ती कशी विसरेल?

त्यांच्या कॉलेजच्या मागे उघडं मैदान आहे. ती एकटीच होती, फ्री थ्रो टाकत होती. मी कुंपणाशी उभा राहून मोजले. पन्नासातले अडतीस गेले. मग तिचं लक्ष गेलं.

"कोण तुम्ही? नळवाले का? नळ त्या बाजूला गळतोय."

"मी स्कोअरर. फायनलचा."

"अच्छा, लाल शाईवाले." तिने चेंडू काखेत घेतला. "आता काय हिरवी आणलीत?"

मी जे तुला लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. ती ऐकताना चेंडू एकाच जागी आपटत होती. शेवटी म्हणाली, "मला हे सगळं माहीत आहे. मी तिथेच होते."

"मग तुम्ही त्या तक्रारअर्जावर, प्रोटेस्टवर, सही कशी केलीत?"

"कॅप्टनने करायची असते. आमच्या सरांनी चौकोन दाखवला, मी केली. तुम्हीही चौकोनच भरलात ना?"

मी मान हलवली.

ती म्हणाली, "घरी कप नेला तर आई म्हणाली, जिंकलात कशा? मी म्हटलं, अर्ज करून." मग बराच वेळ आपटाआपटी. "ते दोन मी चुकवले. रोज पन्नास टाकते ते त्याच्यासाठीच. मला विसरायचंय आणि तुम्ही म्हणता, चला, चार माणसांसमोर सांगा."

"हो."

"कप जाईल आमचा."

"हो."

"मुली मला कच्ची खातील. सर वेगळेच."

"हो."

"तुम्हाला 'हो'शिवाय काही येतं का हो?"

मी म्हटलं, कमिटीतसुद्धा हेच आलं, म्हणून तर इथे यावं लागलं. त्यावर ती पहिल्यांदा हसली, पण लगेच तोंड फिरवून पुन्हा टाकायला लागली. मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाली, "तुमच्या ताईंनी हाफटाइमला पाण्याच्या पिंपाशी मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणाल्या, 'कोपर आत घे बाळा, उजवीकडे जातोय तुझा.' मी म्हटलं, ही समोरच्या टीमची कोच मला गोंधळात टाकतेय. ऐकलं नाही. दोन्ही उजवीकडे गेले."

येते म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही. मी अपिलाची मुदत आणि आपल्या कॉलेजचा पत्ता लिहून कागद कुंपणात खोचून आलो.

तू फायनलच्या हाफटाइमला समोरच्या टीमच्या मुलीला कोपर शिकवत होतीस. आणि हे लोक तुला चीटिंग करणारी म्हणतात. मला बसमध्ये तीन तास दुसरं काही सुचलं नाही.

टिंब्या


बुधवार, २८ एप्रिल २००४
दुपारी ३ वाजता

ताई,

आत्ता कारकुनाकडून अपिलाची पोच घेतली. घडी घालून खिशात ठेवली आहे आणि दर पाच मिनिटांनी चाचपतो आहे.

तू अर्ज पाठवला नाहीस, म्हणून मी केला. स्कोअररलाही करता येतो, नियमावलीत पान एकोणीसवर आहे. फी पाचशे. माझ्याकडे दोनशे होते, बाकीचे मुलींनी जमवले. अकरा नंबरनेही दिले, बापाला न सांगता. मी नको म्हटलं तर म्हणाली, "दादा, हवा भरायची राहिलीय का पुन्हा?"

प्राचार्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "पाच आठवड्यांवर कायमची नोकरी आलीय आणि तुला हे डोहाळे कसले लागले?"

मी म्हटलं, "साहेब, मी खोटी साक्ष दिली होती."

"मग आत्ताची खरी कशावरून?"

मोठे सर तिथेच होते. म्हणाले, "धोंडा पायावर पाडून घ्यायचा असेल तर पाड, पण कॉलेजच्या फरशीवर नको." दोघे हसले. ताई, मी पोच घेतल्याशिवाय हललो नाही.

सुनावणी ७ मेला, शुक्रवारी, अकरा वाजता. सात नंबरलाही तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर कळवतो आहे. तू यावंस असं मी लिहिणार नाही. तारीख लिहिली आहे.

टिंब्या


शनिवार, ८ मे २००४
सकाळी ८ वाजून २० मिनिटे

ताई,

तू काल संध्याकाळच्या बसने परत गेलीस. माझ्याशी बोलली नाहीस, म्हणजे दोनच शब्द बोललीस. म्हणून हे पत्र. आत्ता मी स्टोअरची मोजदाद करून खोलीवर आलो. नव्या माणसाला सगळ्या एकशे बारा वस्तूंची यादी करून दिली. अकरा नंबरची जर्सी यादीत आहे, पण जागेवर नाही. ती मी तिला परत दिली. ती वस्तू तेवढी कमी भरेल.

आत काय झालं ते तू पाहिलंस. पण तू भिंतीकडच्या खुर्चीवर होतीस, तुला सगळ्यांची तोंडं दिसली नसतील. मला दिसली.

मी सांगत होतो तेव्हा कमिटीच्या तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही. मी पेनचं सांगितलं, ओरखड्याचं सांगितलं. मूळ कागद उजेडात धरला की लाल शाईच्या खाली निळ्या पेनचा कोरडा ओरखडा दिसतो, हेही सांगितलं. मधले म्हणाले, "बहिणीसाठी भाऊ काहीही सांगेल." मार्चमध्ये मी तुझ्याविरुद्ध बोललो तेव्हा ह्यांना भाऊ आठवला नव्हता.

मग दार उघडलं आणि सात नंबर आली. केस ओले, खांद्याला बुटांची पिशवी. प्राचार्य म्हणाले, "आपण कोण?" ती म्हणाली, "ज्यांना कप दिलात त्यांची कॅप्टन."

तेव्हा तिघांनी माना वर केल्या.

ती उभ्यानेच बोलली. "ते दोन फ्री थ्रो मला त्याच फाउलवर मिळाले. एक्केचाळीस सेकंदं होती. दोन्ही मी चुकवले. त्यांची अकरा नंबर तेव्हाच बाहेर गेली, मी बघितलं, कारण मला बरं वाटलं होतं ती गेली म्हणून. प्रोटेस्टवर सही माझी आहे. ती मी मागे घेते." एकाने विचारलं, "तुम्हाला कल्पना आहे ना, याने तुमचं विजेतेपद जाईल?" ती म्हणाली, "चुकवले तेव्हाच गेलं होतं."

मग तिने माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघितलं आणि उजवं कोपर जरासं आत घेऊन दाखवलं. तू मान हलवलीस. ते फक्त आपण तिघांनी पाहिलं.

निकाल तासाभराने आला. तुला प्रत मिळाली आहे, तरी इथे लिहितो, कारण मला तो नीट गिळता येत नाही. पाचवा फाउल चौथ्या क्वार्टरमध्ये झाल्याचे मान्य. फसवणुकीचा आरोप रद्द. विजेतेपद आपल्या कॉलेजला परत. इथपर्यंत वाचून प्राचार्यांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. म्हणाले, कपाटात जागा करायला हवी. आणि पुढची ओळ अशी की सख्ख्या भावास टेबलावर बसवण्याचा निष्काळजीपणा प्रशिक्षिकेकडून झाला असून, पद दरम्यान भरले गेल्याने तिच्या नियुक्तीचा प्रश्न उद्भवत नाही.

भाऊ टेबलावर का होता? दुसरा स्कोअरर ठेवायला कॉलेजने सहा वर्षांत एक पैसा दिला नाही म्हणून. हे तू दरवर्षी लिहून दिलं होतंस. त्या सगळ्या पत्रांच्या नकला स्टोअरच्या खालच्या फळीवर होत्या. आता माझ्याकडे आहेत. सहा.

कप परत घेतला, कोच नाही. मोठे सर हसत म्हणाले, "चला, गोड झालं." माझं कार्ड दोन वर्षांसाठी रद्द, स्टोअरची नोकरी त्याच दिवसापासून बंद. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते माझ्या चौकोनातलं आहे.

मग कारकुनाने तुझ्यापुढे निकाल पोचल्याचं रजिस्टर ठेवलं. तू पर्समध्ये शोधलंस, मिळालं नाही. सगळ्यांसमोर हात माझ्याकडे केलास आणि म्हणालीस, "पेन दे."

मी निळं दिलं. तू आधी तळहातावर एक रेघ ओढून पाहिलीस. उमटली. मग सावकाश लिहिलंस, मला उलट्या बाजूनेही वाचता आलं: 'निकाल पोचला. मान्य नाही.' खाली सही, तारीख, वेळ. प्राचार्य म्हणाले, "अहो मॅडम, नाव स्वच्छ झालं तुमचं, आता कशाला?" तू म्हणालीस ते दोन शब्द मला सांगितलेले नव्हते, म्हणून मी ते माझ्यात मोजत नाही. "कामाला यायचंय," म्हणालीस. आणि पेन पर्समध्ये टाकून निघालीस.

खाली खर्च लिहितो आहे. सहा नकलांबरोबर तुझ्या पुढच्या अर्जाला हाही लागेल.

सात नंबरच्या कॉलेजला बस, जाऊन येऊन: ९६
अपिलाची फी: ५००
नकला: ३८
मावशीला फोन: ७४
निळी पेनं, दोन: १०
एकूण खर्च: ७१८

मुलींना देणं: ३००
सात नंबरचं बसभाडं: घेत नाही म्हणाली
कॉलेजकडून मेच्या सात दिवसांचा पगार: येणं
अपिलाची फी, अंशतः मान्य म्हणून अर्धी, २५०: येणं
पाटीचे स्क्रू, चार: माझ्याकडे आहेत, तुझे
निळं पेन, एक: तुझ्याकडे राहिलं, माझं

टिंब्या